“आई, उताऱ्यात उत्तरच नाहीये!”

पत्र (जरा कापून देतेय): नमस्कार बाई, माझी मुलगी पाचवीला आहे, यंदा स्कॉलरशिपला बसवलंय. वाचन एकदम कडक, शाळेत परिपाठाला बातम्या तीच वाचते, कुठे अडखळत नाही. पण उताऱ्यावरचे प्रश्न आले की पाचातले दोन-तीन हमखास चुकतात. विचारलं तर म्हणते, “आई, उताऱ्यात उत्तरच नाहीये!” क्लासचे सर म्हणतात प्रॅक्टिस कमी पडतेय, रोज दहा उतारे सोडवा. दीड महिना सोडवतोय, फरक शून्य, उलट आता उतारा दिसला की तोंड वाकडं करते. आमचं किराणा दुकान आहे, संध्याकाळी ती गल्ल्यावर बसते, तिथे हिशोबात कधी चूक नाही, उधारीची वही तर माझ्यापेक्षा तिला पाठ. मग उताऱ्यातच काय होतं? लक्ष नसतं की समजतच नाही? – एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते कारण झोप त्यानेच उडालेली दिसतेय. लक्ष नाही असंही नाहीये आणि समजत नाही असंही नाहीये. हे मी ठामपणे म्हणतेय ते तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यावरून, जे तुम्ही जाता जाता सहज लिहून गेलात. उधारीची वही तिला पाठ आहे.

समजा पाटलांच्या काकू दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “किती बाकी गं माझी?” वहीत 3 तारखेला 240 मांडलेत, 9 तारखेला 100 जमा, 14 तारखेला तेलाची पिशवी नेली 165 ची. लेक पान उलटते, वर बघते, खाली बघते आणि सांगते, “काकू, 305.” आता हा 305 आकडा त्या वहीत कुठेही लिहिलेला नाहीये. पण तेव्हा ती “आई, वहीत उत्तरच नाहीये” असं म्हणते का? नाही म्हणत. तीन ठिकाणचं उचलते, जोडते आणि मोकळी होते. म्हणजे जोडता येतंय की पोरीला, चांगलं येतंय. फक्त उतारा हाही वहीसारखाच वाचायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलं नाहीये, उलट भलतंच काहीतरी सांगितलंय.

ते भलतंच काय, तर “प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोध, त्याच्या आजूबाजूला उत्तर असतं.” हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात म्हटलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायला मला तोंड नाही. शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची, तीच ओळ उत्तर म्हणून उतरवायची, मार्क मिळायचे, पोरं खूश, पालक खूश, मीपण खूश. दुसरी-तिसरीपर्यंत ते चालून जातं कारण तिथले प्रश्नच तसे असतात. पाचवीला प्रश्न बदलतात आणि पोरं जुनाच खेळ खेळत राहतात, शब्द जुळवायचा. मग शब्द जुळला नाही की “उत्तरच नाहीये”, आणि शब्द जुळला पण चुकीच्या जागी जुळला तर बिनधास्त चुकीचा पर्याय.

हे नुसतं सांगून समजणार नाही, म्हणून एक छोटा उतारा मीच रचून देतेय, आज रात्री तिला द्या.

*सखूआजी दर मंगळवारी बाजाराला जायची. या खेपेला तिनं दोन पाट्या भरून वांगी काढली होती. पण सकाळी सातची एसटी चुकली. पुढची थेट साडेनऊला. बाजारात पोचली तोवर ऊन चढलं होतं आणि तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. आजी मग पार मागे, चिंचेखाली बसली. तिकडे गिऱ्हाईक फारसं फिरकत नसे. दुपारी एक वाजला तरी एक पाटी तशीच. शेवटी खानावळवाल्या अण्णानं ती मागितली, भाव मात्र निम्मा. आजीनं दिली. सदासाठी पेन्सिलींचा बॉक्स आणायचा राहूनच गेला. रात्री झोपताना आजी सदाला म्हणाली, “पुढच्या मंगळवारी मला पाचला उठव.”*

आता प्रश्न. पहिला, आजी कोणत्या वारी बाजाराला जायची? हा ती झोपेत पण सोडवेल. दुसरा, ठरलेली एसटी चुकल्यावर आजीला पुढच्या एसटीसाठी किती वेळ थांबावं लागलं? अडीच तास, पण “अडीच” हा शब्द उताऱ्यात शोधून सापडणार नाही, सात एका वाक्यात आणि साडेनऊ दुसऱ्या. हाही ती करेल बहुतेक, कारण आकडे आले की तिचं दुकानातलं डोकं चालू होतं.

खरी मजा तिसऱ्यात आहे. दुपारपर्यंत आजीची एक पाटी का उरली? पर्याय असे द्या: (1) वांगी खराब होती (2) भाव निम्मा होता (3) बसायला मागची जागा मिळाली (4) अण्णाची खानावळ होती.

माझा अंदाज, ती 2 सांगणार. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक पोरं 2 च सांगतात, आणि का सांगतात ते बघा, कारण “पाटी” आणि “भाव निम्मा” हे शब्द उताऱ्यात एकमेकांना चिकटून आलेत. शब्द जुळला, काम झालं! पण भाव निम्मा झाला तो पाटी उरली म्हणून, उरल्यानंतर. कारण नाहीये ते, परिणाम आहे. आणि गिऱ्हाईक भाव पडला म्हणून कधी माल ठेवून जातं का हो? हे तुमच्या लेकीइतकं कुणाला माहितीये, दुकानात ती रोज बघतेय, पण उतारा वाचताना ते ज्ञान ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवते.

बरोबर उत्तर 3. ते एका ओळीत नाहीये. एसटी चुकली, म्हणून उशीर झाला, म्हणून जागा गेली, म्हणून मागे बसावं लागलं, मागे गिऱ्हाईक येत नाही, म्हणून पाटी उरली. दहावीच्या कृतिपत्रिकेत “ओघतक्ता पूर्ण करा” म्हणून असतं ना, एका चौकटीतून बाण दुसऱ्या चौकटीत, तेच हे. पाचवीच्या पोरीला ओघतक्ता शब्द सांगायची गरज नाही, चिठ्ठ्या करा, एकेकीवर एकेक घटना लिहा, “भाव निम्मा झाला” हीसुद्धा, पिसा आणि लावायला सांगा. आणि लावताना दोन चिठ्ठ्यांच्या मधे “म्हणून” मोठ्याने म्हणायला लावा. “भाव निम्मा झाला म्हणून पाटी उरली” असं स्वतःच्या तोंडाने म्हटलं की तिलाच हसू येईल.

चौथा प्रश्न, आजी पाचला उठव असं का म्हणाली? शेवटच्या वाक्याचं उत्तर तिसऱ्या वाक्यात आहे, मधे अख्खा उतारा पडलाय. ज्या मुलांना “जवळपास शोध” शिकवलंय ती इथे साफ गळतात.

आणि पाचवा मुद्दाम ठेवलाय. सदाचा बॉक्स का राहिला? पोरं लगेच म्हणतात, पैसे कमी पडले. असेल. पण उताऱ्यात तसं आहे का? आजी दमली असेल, विसरली असेल, दुकान बंद असेल. निम्म्या भावावरून पैशाचा अंदाज येतो, खोटं नाही, पण तो एका पायावर उभा आहे. काही मुलं जोडायला शिकली की मग काहीही जोडायला लागतात, घरची गोष्ट सुद्धा उताऱ्यात घुसवतात. त्यांना हा प्रश्न बरा. इथे “नक्की सांगता येत नाही, पण बहुतेक…” हे पूर्ण मार्कांचं उत्तर आहे असं मी धरते, परीक्षेत अशा प्रश्नाला पर्याय दिलेले असतात त्यामुळे तिथे ज्याला उताऱ्यात सगळ्यात जास्त आधार आहे तो घ्यायचा.

हे प्रश्नांचे प्रकार मी काढलेले नाहीत बरं का. अमेरिकेत टॅफी राफाएल म्हणून एक शिक्षणतज्ज्ञ बाई आहेत, त्यांनी 1980 च्या दशकात प्रश्नांचे चार गट पाडले, साध्या मराठीत सांगायचं तर एक, उत्तर इथेच आहे. दोन, शोधा आणि जोडा. तीन, थोडं लेखकाचं थोडं माझं. आणि चार, सगळं माझ्या मनातलं. त्यांचं म्हणणं एवढंच की मुलाला उत्तर शोधायच्या आधी हा प्रश्न कुठल्या गटातला ते ओळखता आलं पाहिजे. मला ते फार पटलं कारण आपण मुलांना हे कधी सांगतच नाही, सगळे प्रश्न एकाच माळेचे मणी असल्यासारखे सोडवायला लावतो. तुमच्या लेकीचा घोळ पूर्णपणे दुसऱ्या गटातला आहे.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे ते रोजचे दहा उतारे बंद. सर चांगल्या मनानेच सांगत असणार पण चुकीची पद्धत दहा वेळा केली की ती दसपट पक्की होते. दिवसाला एक उतारा, तोही छोटा, तीनच प्रश्न, पण नियम असा की उत्तर सांगताना दोन बोटं दाखवायची. डाव्या हाताचं बोट एका वाक्यावर, उजव्या हाताचं दुसऱ्या वाक्यावर, आणि मग बोलायचं, “इथे हे म्हटलंय, इथे हे म्हटलंय, म्हणून असं.” बोट ठेवल्याशिवाय उत्तर धरायचंच नाही, बरोबर असलं तरी नाही. तुम्ही फक्त एवढंच विचारायचं, “कुठून कुठून कळलं?” कुठून नाही, कुठून कुठून. हा एक जादाचा “कुठून” फार काम करतो, खरं सांगते, कारण त्यातच तिला कळतं की एक जागा पुरणार नाहीये.

शनिवारी-रविवारी उलटं करा. प्रश्न तिने काढायचे, सोडवायचे तुम्ही. अट एकच, उत्तर एका ओळीत सापडता कामा नये. सुरुवातीला तिला जमणार नाही, ती “आजीचं नाव काय” असलंच काहीतरी विचारेल, हसू नका. दोन आठवड्यात ती तुम्हाला अडकवायला लागेल. आणि तुम्ही मधूनमधून मुद्दाम चुकत जा, चूक पकडायला मिळाली की पोरं तीनतीनदा उतारा वाचतात, जे तुम्ही रागावून एकदा पण वाचायला लावू शकत नाही.

उतारे गाइडमधलेच पाहिजेत असं काही नाही. घरात लग्नपत्रिका आली असेल तर तिच्याइतका भारी उतारा नाही! तिला विचारा, नवऱ्या मुलीचे आजोबा आहेत की गेले? नावामागे कै. आहे का ते बघावं लागेल, आणि आधी ते आजोबा कुणाचे ते ठरवायला “यांची नात” ही ओळ पकडावी लागेल. हळद कुठल्या वारी? पत्रिकेत “हळदी समारंभ आदल्या दिवशी” एवढंच असतं, लग्नाची तारीख आणि वार दुसरीकडे. नवरीच्या आईचं माहेर कुठलं? मामाच्या नावापुढे गाव असेल तर तिथून. लाइट बिलाचंही तसंच, मागील रीडिंग, चालू रीडिंग, या महिन्यात जास्त जळली की गेल्या महिन्यात. असले प्रश्न ती एरवी पण सोडवतच असते, आता मुद्दाम बोटं ठेवून सोडवायचे.

मराठी उताऱ्यात अजून एक गोष्ट पोरांना नडते, इंग्रजी गाइडवरून तयार केलेल्या युक्त्यांमध्ये ती नसते म्हणून मुद्दाम लिहितेय. आपण नाव सारखं सारखं घेत नाही, कितीदा तर “तो”, “ती” पण गाळतो आणि क्रियापदावर सोडून देतो. वरच्या उताऱ्यात “आजीनं दिली” आहे. काय दिली? लिहिलेलंच नाहीये. मागच्या वाक्यातली पाटी इथे आणून लावायला लागते, “दिली” वरून कळतं की भाव दिला नाही, बॉक्स दिला नाही, पाटी दिली. तसंच “बाजारात पोचली”, कोण पोचली? एसटी पण स्त्रीलिंगीच की. मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की यात काही जोडलं हे जाणवतही नाही. तर रोजच्या उताऱ्यात असे दोन-तीन शब्द निवडा, “तिथे”, “त्यामुळे”, “ती”, “त्याने”, त्यांना गोल करायचा आणि गोलातून बाण काढून तो ज्याच्याविषयी आहे त्याच्यापर्यंत न्यायचा. मी तर “परवा” शब्दावर अख्खा तास घेतलाय, परवा गेलेला की परवा येणारा हे वाक्यातल्या “गेलो” किंवा “जाणार” शिवाय कळतच नाही, पोरांची भांडणं लागली होती वर्गात. आणि नात्याचे शब्द! प्रश्नात “आईचा भाऊ” आणि उताऱ्यात “मामा”, शब्द जुळवणाऱ्या पोराला ते जुळतच नाहीत.

आता क्लासमध्ये हमखास शिकवतात ती एक गोष्ट, “आधी प्रश्न वाचा, मग उतारा.” याला माझा विरोध आहे, सगळेच शिक्षक माझ्याशी सहमत होतील असं नाही. आधी प्रश्न वाचला की डोळे उतारा वाचत नाहीत, उताऱ्यात शिकार करतात. पहिल्या गटातल्या प्रश्नांना ते फायद्याचं आहे, पटकन सापडतं. पण जोडायच्या प्रश्नांना अख्खी गोष्ट डोक्यात एकदा उभी राहावी लागते, आजी कशी निघाली, कशी बसली, काय घेऊन परतली. म्हणून तुमच्या लेकीपुरतं तरी, आधी उतारा एकदा सलग, मग प्रश्न, मग परत उताऱ्यात जाऊन बोटं.

तुम्ही म्हणाल एवढा वेळ कुठे आहे परीक्षेत. पाचवीच्या पहिल्या पेपरला 75 प्रश्न, 90 मिनिटं, प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50, म्हणजे हिशोबाने एका प्रश्नाला 72 सेकंद येतात. घाई आहेच. पण एका उताऱ्यावर दोन-तीन प्रश्न असतात, उतारा एकदाच वाचायचा असतो, आणि म्हणी-समानार्थी शब्द वगैरे प्रश्न ती दहा-पंधरा सेकंदात उडवणार, तो वाचलेला वेळ इथे घालायचा. पहिला महिना टायमर लावूच नका मात्र. दोन बोटांची सवय लागली की बोटं आपोआप सुटतात आणि वेगही येतो, सायकलसारखं आहे ते.

एक शंका राहू नये म्हणून एवढं करून बघा. एखादा नवीन उतारा तिला वाचायला न देता तुम्हीच वाचून दाखवा आणि जोडायचे दोन प्रश्न तोंडी विचारा. ऐकून पटापट सांगितलं तर समजायचं की छापलेलं वाचण्यातच तिची शक्ती जातेय, मोठ्याने झकास वाचणारी काही मुलं सगळं लक्ष उच्चारावर आणि आवाजावर ठेवतात, परिपाठवाल्या पोरांचं हे होतं खरं, त्यांना मनात वाचायची सवय लावावी लागते. ऐकूनही अडली तर अडचण जोडण्याची किंवा शब्दांची आहे, मग वरचं सगळं लागू. आणि वाचताना ओळ सुटत असेल, डोळे बारीक करत असेल, डोकं दुखतं म्हणत असेल तर आधी डोळे तपासून घ्या, बाकीचं नंतर.

विषयाचंही असतं थोडं. 1988 साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता, आणि वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं ही वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. मी ते वाचलं तेव्हा आमची क्रिकेटवेडी पोरं डोळ्यासमोर आली, शेवटच्या ओव्हरचं वर्णन द्या, मागच्या बाकावरचा पोरगा सुद्धा सगळं जोडून सांगेल. म्हणून सुरुवात बाजार, दुकान, हिशोब, प्रवास असल्या उताऱ्यांनी करा, तिथे तिचा पाय घट्ट आहे. हिमनग आणि पेंग्विन नंतर बघू, आणि त्या वेळी उतारा द्यायच्या आधी पाच मिनिटं त्या विषयावर नुसत्या गप्पा मारा.

आणि “उत्तरच नाहीये” म्हणाली की यापुढे रागावू नका, तिचं म्हणणं एका अर्थी खरंच आहे, एका जागी नाहीच आहे ते. “बरं, मग 305 कुठे लिहिला होता?” एवढंच विचारा.

सखूआजीच्या उताऱ्यावर तिने स्वतः काढलेला एखादा प्रश्न मला लिहून पाठवा. फक्त उत्तर सोबत पाठवू नका, मला सोडवायचाय.